नातवाचा चष्मा : पैसे वसूल होतात का?



आमच्या नातवाचा बार मित्झवा २०२५ च्या वसंतात झाला. अभिनंदनाचे फोन आठवडाभर आले आणि थांबले. त्यानंतर जे फोन सुरू झाले ते काही अजून थांबलेले नाहीत. "तुम्ही म्हणे नातवाला तो डोळ्यांवर चढवायचा खेळाचा चष्मा घेऊन दिलात. आमचाही मागे लागलाय. केवढ्याला पडला? घ्यावा का?" मोआदोनमधल्या तिघीचौघींनी विचारले, लोदच्या आमच्या भावजयींनी तर दोनदा विचारले. तीच कहाणी सांगून सांगून आमच्यातल्या आजींचा घसा बसला. तेव्हा म्हटलं, एकदाच काय ते लिहून टाकू. आम्ही दोघे मिळून लिहितो आहोत. जिथे आमचे पटत नाही तिथे तसेच सांगू.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे. दिसायला तो पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या चष्म्यासारखा, पण जाडजूड. वजन अर्ध्या किलोहून थोडे जास्त. टीव्हीला जोडलेले जे खेळाचे यंत्र असते, मुले ज्याला प्लेस्टेशन म्हणतात, त्याला एका लांब वायरने तो जोडायचा. डोक्यावर चढवला की घर दिसेनासे होते आणि माणूस खेळाच्या आत जाऊन उभा राहतो. वर बघितले तर आभाळ, खाली बघितले तर दरी. दोन्ही हातांत एकेक कडे धरायचे, तेच तिथले हात.

आपल्या वयाच्या लोकांना हे समजावणे अवघड नाही, कारण आपण व्ह्यू-मास्टर पाहिलेला आहे. अमेरिकेत तो १९३९ साली निघाला. आम्ही भायखळ्याला राहत होतो तेव्हा आमच्या चाळीत एकाच घरी होता आणि त्या घरच्या मुलाचा रुबाब काय विचारता! पुठ्ठ्याची गोल चकती, तिच्यावर बारीक बारीक १४ चित्रे, पण देखावे मात्र ७. असे का, तर प्रत्येक देखाव्याची दोन चित्रे, एक उजव्या डोळ्याला आणि एक डाव्या.

मुलांनो, तुम्ही आत्ताच करून बघा. अंगठा नाकासमोर हातभर अंतरावर धरा. आधी एक डोळा मिटा, मग तो उघडून दुसरा मिटा. अंगठा इकडून तिकडे उडी मारतो ना? म्हणजे तुमचे दोन डोळे दोन निरनिराळी चित्रे बघतात, आणि डोके त्यांचे एक करून सांगते की अमुक वस्तू जवळ आहे, तमुक लांब आहे. नव्या चष्म्यातही हीच युक्ती आहे. फक्त पुठ्ठ्याच्या चकतीऐवजी प्रत्येक डोळ्यापुढे एकेक पडदा, त्यावर आडवे २००० आणि उभे २०४० ठिपके, आणि चित्र सेकंदाला ९० किंवा १२० वेळा बदलते. शिवाय चष्म्यावर चार कॅमेरे आहेत. ते खोलीकडे बघत राहतात आणि डोके किती वळले ते मोजतात. व्ह्यू-मास्टर लावून मान कितीही वळवली तरी ताजमहाल आपला नाकासमोरच. इथे मान वळवली की ताजमहाल मागे राहतो. खरा फरक म्हणाल तर एवढाच, पण तो फार मोठा आहे.

आता पैशाचे बोलू. सोनीने पहिला चष्मा ऑक्टोबर २०१६ मध्ये काढला, अमेरिकेत ३९९ डॉलरला. त्याला वेगळा कॅमेरा लागायचा, तो साठेक डॉलरचा. दुसरा, म्हणजे आमच्या नातवाचा, फेब्रुवारी २०२३ मध्ये ५५० डॉलरला आला. ज्या यंत्राला तो जोडायचा ते प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये निघाले तेव्हा ५०० डॉलरला होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते असे! मार्च २०२५ मध्ये चष्म्याची किंमत उतरून ४०० डॉलर झाली. ही सगळी अमेरिकेतली किंमत. आपल्या इथे कर धरून हिशेब वेगळा होतो, आणि हा कर २०२५ च्या जानेवारीपासून १८ टक्के झाला हे बाजारात जाणाऱ्या कोणाला सांगायला नको. त्यावर खेळ वेगळे, एकेक साठ-सत्तर डॉलरपर्यंत. आणि पहिल्या चष्म्यासाठी घेतलेले खेळ दुसऱ्यावर चालत नाहीत. आपल्या माहितीत कोणी "आमच्याकडे जुने खेळ पडले आहेत, फुकट घेऊन जा" म्हणाला तर आधी विचारा, कोणत्या चष्म्याचे.

नातवाकडे प्लेस्टेशन होते, चष्मा नव्हता. आमची मुलगी म्हणाली, अजिबात नाही. जावई मोरोक्कन, दिलदार माणूस, तो म्हणाला बार मित्झवा एकदाच होतो. आमच्यात आजोबा विरुद्ध होते. त्यांचे म्हणणे, असली यंत्रे येतात आणि जातात. आणि ते अगदीच खोटे नाही. १९९५ साली निन्टेन्डोने व्हर्च्युअल बॉय नावाचे असेच एक यंत्र काढले होते. टेबलावर ठेवायचे आणि वाकून त्यात बघायचे. काळ्यावर लाल, एवढाच रंग. वर्षभरात गुंडाळावे लागले. सोनीचेच बघा. २०२० च्या जानेवारीत त्यांनी सांगितले की प्लेस्टेशन ४ दहा कोटी साठ लाख विकले गेले आणि पहिला चष्मा पन्नास लाखांवर. म्हणजे ज्यांच्या घरी यंत्र होते अशा वीस जणांत एकानेही चष्मा घेतला नव्हता. गिऱ्हाईक थोडे म्हणून त्याच्यासाठी खेळ बनवणारे थोडे, आणि खेळ थोडे म्हणून गिऱ्हाईक थोडे. २०२४ मध्ये तर सोनीने लंडनमधले आपले एक स्टुडिओ बंदच केले, जिथे पहिल्या चष्म्याचे खेळ तयार झाले होते.

आजी म्हणाल्या, हे सगळे खरे असेल, पण मुलगा तेरा वर्षांचा झाला आहे, त्याला जे पाहिजे ते द्यावे, आपल्याला पाहिजे ते नको. शेवटी ठरले की अर्धे पैसे आम्ही घालायचे आणि अर्धे त्याने त्याला आलेल्या भेटींतून घालायचे. हे मात्र सगळ्यांना पटले. ज्याचे स्वतःचे पैसे गेले तो वस्तू जपून वापरतो.

बेअर शेवाच्या एका दुकानात गेलो. म्हटलं, एकदा डोक्याला लावून बघू द्या. नाही म्हणाले. चारशे डॉलरची वस्तू, आणि बघायची नाही! मुंबईत आपण नारळसुद्धा वाजवून घेत होतो.

घरी आणल्यावर पहिली अडचण जागेची. दिमोनामधले आमचे घर जुन्या शिकूनमधले. उभे राहून चालत-फिरत खेळायचे तर दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा हवी. बसून खेळायला एवढी लागत नाही. सलोनमधला सोफा भिंतीला लावला, टीपॉय बाल्कनीत नेला. तरी पहिल्याच संध्याकाळी नातवाने डोंगर चढता चढता हात असा काही फेकला की एलियाहू हन्नाबींच्या तसबिरीची काच तडकली. ही तसबीर आजींच्या आईने मुंबईहून पाठवलेली. नातू इतका घाबरला की आम्हालाच त्याची समजूत घालावी लागली. चूक आमची. भिंतीजवळ त्याला उभे आम्हीच केले होते. काच दुसऱ्या दिवशी बदलून आणली, तसबीर आता आत झोपायच्या खोलीत आहे.

तो डोंगर चढायचा खेळ म्हणजे 'होरायझन कॉल ऑफ द माउंटन'. दोन्ही हातांनी कपारी पकडत वर जायचे, पाठीवरून बाण काढायचा, धनुष्याला लावून ओढायचा. आजींनी चष्मा लावला आणि खाली बघितले. "अगं बाई!" करून सोफ्याचा हात घट्ट धरला. पाय जमिनीवर, सोफा सरकलेला नाही, हे सगळे माहीत असूनसुद्धा! पोटात खड्डा पडायचा तो पडलाच.

आजोबांनी मोटारींची शर्यत घेतली, 'ग्रॅन टुरिस्मो ७'. खुर्चीत बसून खेळायचे, म्हणून त्यांना वाटले सोपे. दोन वळणे घेतली, तिसऱ्याला कपाळावर घाम. चष्मा काढला, चेहरा पांढराफटक. नातू म्हणाला, "सबा, मा कारा?" म्हणजे काय झालं. आजोबा म्हणाले, "बोट लागली."

नातवाला कळेना. मोटारीत बोट कुठून आली?

वाचकांपैकी ज्यांनी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच घेतली आहे त्यांना सांगायला नको. अलिबाग, रेवदंडा, नवगाव, सगळे आपलेच गाव, आणि पावसाळा तोंडावर आला की खाडीच्या तोंडाशी ती लाँच अशी हलायची की अर्धी माणसे काठाला. १९४७ साली रामदास बोट रेवसला जातानाच बुडाली होती, त्यामुळे आमच्या आया आधीच धसका घेतलेल्या. आलेपाकाची वडी तोंडात, लिंबू नाकाशी, आणि "लांब बघा, पाण्यात बघू नका" हा हुकूम.

चष्म्यात होते ते याच्या अगदी उलट, पण परिणाम तोच. कानाच्या आत तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांतले पाणी हलले की शरीराला कळते आपण हलतो आहोत. बोटीच्या पोटात बसले की कान सांगतो हलतो आहोत, डोळा सांगतो नाही. चष्म्यात डोळा सांगतो मोटार पळते आहे, कान सांगतो तू खुर्चीत बसला आहेस. दोघांचे भांडण होते आणि पोट मधल्या मध्ये मार खाते. यात वस्तूचा दोष नाही. कोणाला लागते, कोणाला नाही. नातवाला मुळीच लागली नाही. आजींना डोंगरावर भीती वाटली, पण बोट लागली नाही. आजोबांना आजही लागते. म्हणून आमचे सांगणे असे की पैसे देण्याआधी कोणाच्या तरी घरी अर्धा तास बसून बघा. दुकानवाला नाही म्हणेल, शेजारी म्हणणार नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती आजींना लिहायची नव्हती, पण लिहिलीच पाहिजे. चष्मा घ्यायच्या आधी नातू आजींना म्हणाला होता, "सवता, तुला मी अलिबागला घेऊन जाईन." आजींचे गुडघे आता विमानात तासन् तास बसू देत नाहीत. शेवटच्या त्या गेल्या त्याला बरीच वर्षे झाली. त्यांनी वरवर हसण्यावारी नेले, पण मनात धरून ठेवले. इस्रायल आळीतून चालत जाऊ, मागेन आबोथ बघू, समुद्रावर जाऊ, असे काहीबाही. नातवाने दोन संध्याकाळी शोधले. हा चष्मा खेळांसाठी बनवलेला आहे. चारी बाजूंनी घेतलेले फिरतीचे चित्रीकरण त्याने लावून पाहिले, ते समोर सपाट पडद्यावर दिसले, सिनेमासारखे. मोटारींच्या खेळात जपानचे सुझुका आहे, इटलीचे मोन्झा आहे, जर्मनीतले नुर्बुर्गरिंग आहे. अलिबाग नाही. आजी म्हणाल्या, "राहू दे रे, तिथे तरी आता कोण राहिलंय?" आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. तेव्हा ज्यांना गावाकडची भेट घडवायला हा चष्मा घ्यायचा असेल त्यांनी घेऊ नये. त्या कामाला दुसऱ्या तऱ्हेचे चष्मे असतात, यंत्राला न जोडता चालणारे. ते आम्ही वापरलेले नाहीत.

आजींचा खेळ शेवटी वेगळाच निघाला. वरून विटा पडतात आणि त्या रचायच्या तो जुना टेट्रिस, त्याचे नवे रूप 'टेट्रिस इफेक्ट'. चारी बाजूंना पाणी, प्रकाश, संगीत, आणि मध्ये विटा. हालचाल नाही, दरी नाही. तासभर बसतात. आजोबा म्हणतात हाच खेळ चष्म्याशिवाय साध्या टीव्हीवर खेळता येतो, मग चारशे डॉलर कशाला? येतो हे खरे आहे. आजी म्हणतात तुम्ही आत जाऊन बघा आणि मग बोला. या मुद्द्यावर आमचे अजून पटलेले नाही.

धाकटी नात आठ वर्षांची आहे. तिला चष्मा द्यायचा नाही, कारण बारा वर्षांखालच्या मुलांसाठी तो नाही असे बनवणारेच सांगतात. ती रुसली. तिच्यासाठी जुन्या बाजारातून व्ह्यू-मास्टर आणला. तिला तो आवडला असे आम्ही म्हणणार नाही. दोन दिवस बघितला.

मग जून आला. १३ जून २०२५ पासून बारा दिवस काय चालले होते ते इथल्या कोणाला सांगायला नको. इराणची क्षेपणास्त्रे, शाळा बंद, जावई मिलुईमवर, मुलगी इस्पितळात कामावर. नातू प्लेस्टेशन आणि चष्मा घेऊन आमच्याकडे राहायला आला. आमच्या इमारतीत ममाद नाही, खाली सगळ्यांचा मिळून एक मिक्लात आहे.

एके दुपारी आजोबा आत पडले होते, आजी स्वयंपाकघरात नारळाचे दूध काढत होत्या, नातू सलोनमध्ये. भोंगा झाला. आजोबा उठले, चपला शोधू लागले. आजींनी हात पुसत हाक मारली, दोनदा मारली. सलोनमध्ये नातू उभा राहून शांतपणे बाण ओढतो आहे. डोळ्यांवर चष्मा, कानांत चष्म्याचेच इअरफोन. त्याच्या जगात भोंगा नव्हताच. आजींनी जाऊन खांदा धरला तर तो हसला. हा चष्मा खेळात काही आदळले की डोक्यावर थरथरतो, त्याला वाटले खेळातलेच काहीतरी. आजींनी चष्मा ओढून काढला. वायर त्याच्या पायाला गुंडाळली होती, ती सोडवण्यात आणखी वेळ गेला. आम्ही मिक्लातच्या दारापर्यंत पोहोचलो नाही, जिन्यातच बसून राहिलो, तो मध्ये, आम्ही दोन बाजूंना. लांब कुठेतरी आवाज झाले. जरा वेळाने उठून खाली गेलो.

त्या रात्री तो खूप वेळ जागा होता. आम्हीही होतो.

दुसऱ्या दिवसापासून नियम केला. इअरफोन बंद, आवाज टीव्हीतून. खेळायला तो बसून. आणि तो खेळत असताना दोघांपैकी एकाने शेजारी बसायचे, फोन हातात घेऊन. हा नियम आम्ही युद्ध संपल्यावरही ठेवला आहे. आता जे फोन करून विचारतात त्यांना हेच आधी सांगतो. वस्तूची किंमत डब्यावर लिहिलेली असते, पण घरात मोठे माणूस बसवण्याची किंमत लिहिलेली नसते. ज्यांच्या घरी दुपारी कोणी नसते त्यांनी तो चष्मा घेऊ नये, परवडत असला तरी. हे सोडले तर ज्याच्याकडे यंत्र आधीच आहे, मूल बाराच्या वर आहे आणि सोफा सरकवायला जागा आहे, त्याने खुशाल घ्यावा. ज्याला यंत्रापासून सगळेच घ्यायचे आहे त्याने तेवढ्या पैशात नातवंडांना घेऊन एलातला चार दिवस जावे, असे आजोबांचे मत. आजींचे मत, एलातचे चार दिवस पाचव्या दिवशी संपतात.

शेजारी बसायला लागलो तेव्हा एक झाले. आत फक्त तो, आम्हाला टीव्हीवर तेच चित्र सपाट दिसायचे, त्यामुळे तो सांगायचा आणि आम्ही विचारायचो. "सवता, इथे खाली नदी आहे." "केवढी?" "मोठी." "आमच्या खाडीएवढी?" मग खाडी केवढी, लाँच केवढी, बोट लागली की काय करायचे, रामदास बोट कशी बुडाली, हे सगळे निघाले. अर्धे हिब्रूत, अर्धे मराठीत. दहा वर्षांत आम्ही त्याला इतके सांगितले नव्हते आणि त्याने विचारले नव्हते. चष्म्यामुळे झाले की जूनमुळे, कोण जाणे. त्याचा चेहरा आम्हाला दिसत नव्हता, एवढे खरे.

शाळा सुरू झाल्यावर खेळणे कमी झाले. हानुकात रोज, नंतर आठवड्यातून एकदा, आता कधी कधी पंधरवड्यातून. चष्मा त्याच्या डब्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर, खिडकीपासून लांब, कारण भिंगांतून ऊन आत गेले की पडदे जळतात, आणि दिमोनाचे ऊन तुम्हाला माहीतच आहे. सणावाराला नातू आला की खाली निघतो. परवा म्हणत होता मोटारींच्या खेळाला खरे स्टिअरिंग मिळते, ते घेतले की मजा येईल. आजोबांनी किंमत विचारली नाही, आजींनी विचारली.

लोदच्या भावजयींना आम्ही सांगितले आहे, शब्बाथ संपला की एखाद्या शनिवारी रात्री मुलाला घेऊन इकडे या. तासभर बसू द्या त्याला, बोट लागते का बघू. आलेपाक घरात आहे.